ग्राफाइट, खोबरेल आणि बाबांचं कुलूप

गेल्या जानेवारीत माझ्या बाबांचं राहतं घर सुटता सुटता राहिलं, आणि त्याला कारण मी होते. मी म्हणजे बावीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी बाई. ग्राफाइटवर डोळे मिटून तासभर बोलू शकते. तरीही मी कुलुपात खोबरेल तेल घातलं. आता हसा पोटभर. माझा नवरा अजून हसतोय.

बाबा ऐंशीला टेकलेत. बडोद्याच्या तरसाली भागात त्यांचं बैठं घर आहे, पुढे लोखंडी जाळीचं दार, मागे तसंच, मधे तीन खोल्या. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात. मी वाघोडिया रोडला, स्कूटीवर वीस मिनिटं. दादा पुण्याला. "आमच्याकडे चला" असं दोघांनीही म्हणून झालं. बाबांचं उत्तर ठरलेलं. "इथे मला दिवा न लावता पाणी पिता येतं. तुमच्याकडे भिंतींना धडकत फिरू काय?"

बाबांची सगळी नोकरी बडोद्याला, रेल्वेच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये झाली. इंजिनाच्या डोक्यावर ती उघडमीट होणारी चौकट असते ना, वरच्या तारेला टेकून वीज घेणारी, त्या पेंटोग्राफवर त्यांचं काम. सुरुवातीला त्याच्या पट्ट्या लोखंडी होत्या आणि त्यांना ग्राफाइटचं काळं ग्रीस चोपडावं लागायचं. पुढे कार्बनच्या पट्ट्या आल्या. बाबांच्या हाताच्या रेघांत तो काळेपणा कायमचा बसलेला. आई म्हणायची, "कणीक मळायला तरी मला यांचे हात नकोत!" आणि बाबा मुद्दाम तिच्या गालाला बोट लावून जायचे.

मला ग्राफाइट फळ्यावर भेटलं, बाबांना हातावर. त्यावरून आमची जुंपायची. मी वर्गात सांगते की ग्राफाइटमध्ये कार्बनचा प्रत्येक अणू शेजारच्या तिघांना घट्ट धरून बसलेला असतो. षटकोनाला षटकोन लागून अख्खा सपाट थर होतो. कार्बनला हात चार, त्यातले तीन गुंतले. चौथा इलेक्ट्रॉन कुणा एकाचा नाही, तो थरभर मोकळा हिंडतो आणि म्हणून वीज वाहते. हिऱ्यात चारही हात बांधलेले, म्हणून हिरा कडक आणि वीज नेण्याच्या कामी कुचकामी. आणि ग्राफाइटच्या एका थराचं दुसऱ्या थराशी नातं म्हणाल तर नावापुरतं. जरा रेटा दिला की वरचा थर खालच्यावरून सटकतो. पेन्सिल कागदावर ओढली की हेच होतं, थर सुटून कागदावर राहतात.

हे दाखवायला मी वर्गात खाखऱ्यांची चवड घेऊन जाते. वरचा खाखरा ढकलला की सरकतो, पोरं खूश, आणि तास संपला की खाऊही होतो. बाबांना हे कौतुकाने सांगायला गेले तर म्हणाले, "चूक शिकवतेस."

"काय चूक?"

"खाखरा बोट लावलं की मोडतो. ग्राफाइटचा थर मोडून दाखव बरं! थराच्या आतली पकड लोखंडाला लाजवेल अशी असते. सैल आहे ती फक्त दोन थरांमधली बाजू."

"अहो बाबा, समजावण्यापुरतं आहे ते."

"समजवायचं तर खरं समजव." झालं! बावीस वर्षांचा अनुभव गेला पाण्यात.

पण खरं सांगते, पुस्तकातली अर्धी गंमत मला बाबांमुळे कळली. तारेवरून पट्टी घासत जाते, धड-धड गाडी पळते, तर तार का झिजून जात नाही? बाबा म्हणाले, "पट्टी आपण झिजते, तारेला सांभाळते. थर-थर सुटत जाते आणि सुटता सुटता वीजही आत घेते. तार बदलायची म्हणजे सगळी लाइन बंद. पट्टी काय, तासाभरात बदलून होते." एकदा घडियाळी पोळातल्या सराफांकडे आईची जुनी पाटली मोडायला गेलो होतो. सोनाराने भट्टीतून काळी मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, बाहेर काढली, आत सोन्याचं पाणी झालेलं. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "तीच आपली मंडळी, ग्राफाइट. सोनं वितळलं, पण ही आहे तशी!" मी घरी येऊन धड्यात बघितलं. थरातले बंध तोडायला भयानक उष्णता लागते, सोन्याच्या भट्टीची काय मजाल! धडा तोच, पण पाटली गेल्याच्या दुःखात आई आम्हा दोघांवर वैतागली होती.

या प्रेमप्रकरणाला एक गालबोट आहे. मी बारावीत होते तेव्हा हॉलमधल्या पंख्याचं बटण घट्ट झालं होतं. बाबा पेन्सिलीची शिसं सँडपेपरवर घासून भुकटी करायचे आणि एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे, कुलपांसाठी. मी म्हटलं, सरकायचंच आहे ना, मग बटणाला का नको? चिमूटभर भुकटी फटीतून फुंकली आणि बटण दाबलं. फाटकन ठिणगी उडाली, फ्यूज गेला, घर बंद. नेमकी टीव्हीवर दादाची क्रिकेटची मॅच शेवटच्या षटकात. त्याने जो काही थयथयाट केला, तो आजही आमच्या शेजारच्या मासी नक्कल करून दाखवतात.

बाबांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. फक्त विचारलं, "सरकतं हे लक्षात राहिलं, वीज नेतं हे कुठे गेलं? दोन्ही एकाच थराची कामं आहेत." मला ते इतकं लागलं की त्या डबीच्या वाटेला मी पुन्हा गेले नाही. परीक्षेत मात्र तोच प्रश्न आला आणि पैकीच्या पैकी मिळाले.

आता कुलपाकडे येते. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार कुठल्या चुलत घरात गेली ते कुणाला ठाऊक नाही, आमच्या वाट्याला खंडेनवमी तेवढी आली. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर येतं. पाने, पक्कड, हातोडी, विळी, कात्री, अगदी नेलकटरसुद्धा. पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, कुंकू लावायचं, वर झेंडूचं फूल ठेवायचं. कुलपांचं मात्र वेगळं. त्यांना बाहेरून कुंकू आणि आत ग्राफाइटची भुकटी, तेल बिलकूल नाही. "तेल धूळ धरून ठेवतं, भुकटी धरत नाही," हे वाक्य बाबा दरवर्षी पूजेच्या मंत्रासारखं म्हणायचे.

त्या खेपेला खंडेनवमीच्या आठवडाभर आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून पलंगावर बसलेले, वाकायची बंदी. पूजा माझ्याकडे आली. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले, संध्याकाळी मुलीला गरब्याला सोडायचं, आणि इथे चौदा पाने पुसायचे. बाबा आतून ओरडले, "कुलपांना भुकटी हं! डबी कपाटावर आहे." कपाटावर हात पोचेना. स्टूल आणायचा कंटाळा आला. आरशासमोर खोबरेल तेलाची बाटली होती, चांगलं बारीक टोक असलेली. पुढच्या जाळीच्या कुलपात दोन थेंब, मागच्या जाळीच्या कुलपात दोन थेंब, आणि वर एकेक थेंब प्रेमाचा.

"घातलीस का भुकटी?"

"हो हो, घातली."

खोटं बोलले, आणि तेही इतक्या सहज! ऑक्टोबरचा उकाडा होता, किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. म्हटलं, बघा, काही बिघडलं का?

बडोद्यात थंडी अशी नसतेच. पण उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी पाच-सात दिवस ती तोंड दाखवून जाते. अशाच एका सकाळी बाबा उठले, चहा केला, दूध घ्यायला म्हणून पुढच्या जाळीचं आतलं कुलूप उघडायला गेले. किल्ली फिरेना. जोर केला, तर किल्ली मोडून अर्धी आतच राहिली. मागच्या जाळीशी गेले, तिथेही किल्ली फिरेना. मोबाइल घरात होता, पण फोन कुणालाच आला नाही. शेवटी दुधाची पिशवी तशीच लटकलेली बघून मासींना शंका आली आणि त्या जाळीशी आल्या. "काका, तमे शांतिथी खुरशी पर बेसो, हुं हमणां माणस बोलावुं छुं," असं शांतपणे खुर्चीवर बसायला सांगून त्यांनी बाबांना धीर दिला आणि कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याला कटर घेऊन बोलावलं.

माझा मोबाइल स्टाफरूमच्या कपाटात. मधल्या सुट्टीत बघते तर मासींचे सतरा मिस्ड कॉल! मी स्कूटी कशी चालवली ते विचारू नका. पोचले तेव्हा कुलूप कापून झालं होतं, हॉलमध्ये आठ माणसं चहा पीत बसली होती आणि ग्रिलवाला बाबांना कटरचं ब्लेड दाखवत होता. "हाश!" म्हणून मी खाली बसले.

पण मी फोन उचलत नाही म्हणताना मासींनी पुण्याला दादाला फोन केला होता. दिवाळीत दादा आला असताना बाबांनी गॅसवर दूध ठेवून करपवलं होतं, आणि त्यावरून आम्हा भावंडांचं वाजलंही होतं. तो म्हणत होता, एकटं ठेवायचं वय राहिलं नाही. मी ताडकन म्हटलं होतं, "मी आहे ना इथे! मी बघते." त्या संध्याकाळी दादाने बाबांना फोनवर विचारलं, नेमकं काय झालं? बाबा म्हणाले, "अरे, चुकीची किल्ली घातली मी. लक्षात आलं नाही, जोर केला. मोडली."

"बास झालं," दादा मला म्हणाला. "उत्तरायणाला येतोय, बाबांना घेऊनच जाणार. घर भाड्याने देऊन टाकू. आणि आता मधे पडू नकोस."

काय तोंडाने मधे पडणार? स्वतःच्या घराची किल्ली ज्याला ओळखू येत नाही, त्याला एकटं कसं ठेवायचं? मी मुकाट्याने बाबांचे कपडे आवरायला गेले. बाबा पलंगावर बसून स्वेटरच्या घड्या घालत होते, पुन्हा मोडत होते. शेडमधल्या निरोपसमारंभाचं घड्याळ त्यांनी भिंतीवरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. भिंतीवर त्याची गोल पांढरी खूण राहिली होती. मला बघवेना. मी मागच्या जाळीशी जाऊन उगाच उभी राहिले.

तिथलं कुलूप अजून तसंच होतं. दुपारचे दोन वाजलेले, मागच्या बाजूला लख्ख ऊन. किल्ली खिळ्याला होती, मी सहज घालून फिरवली. खट्कन उघडलं! मला वाटलं, बाबांनी मागेही चुकीचीच किल्ली घातली असणार. तेवढ्यात बोटांना काहीतरी लागलं. बोटं नाकाशी नेली. शिळ्या खोबऱ्याचा वास. किल्लीच्या दात्यांत मातकट चिकट लगदा होता. कुलूप सावलीत, पाण्याच्या पिंपाजवळ ठेवलं आणि तासाभराने पुन्हा बघितलं. लगदा मेणासारखा थिजायला लागला होता. न्हाणीघरातली आपली तेलाची बाटली थंडीत पांढरी गच्च होते, ती काय मला माहीत नव्हती? तीन महिन्यांची धूळ आणि पहाटेची थंडी. किल्ली बरोबर होती. माणूसही बरोबर होता.

मी कुलूप घेऊन बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी बघितलं, आणि नजर खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दुपारी कळलं. उन्हात उघडलं ना ते."

"मग दादाला चुकीची किल्ली म्हणून का सांगितलंत?"

"मग काय सांगू? तू दिवाळीत त्याला एवढ्या तोऱ्यात म्हणालीस, मी बघते म्हणून. तेल तू घातलंस म्हटल्यावर त्याने तुला सोडलं असतं काय? तुम्ही दोघंच आहात गं. मी काय, पुण्याला जाईन. तिथेही भिंती पाठ होतील."

मला रडू कोसळलं, आणि रागही आला, त्यांचा आणि स्वतःचा. "मी आत्ता फोन लावते दादाला," म्हटलं. बाबांनी हात धरला. "नको. सणाच्या आधी भांडण नको." आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी तेवढ्यावर गप्प बसले. दोन दिवस. वर्गात शिकवत होते, घरी तिळाचे लाडू वळत होते, आणि मनात मस्त हिशेब चालला होता की बाबाच नको म्हणताहेत तर मी कशाला बोलू? माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो!

उत्तरायणाला दादा, वहिनी आणि पुतणी आले. गच्चीगच्चीवरून "काप्यो छे!"च्या आरोळ्या, स्पीकर, पिपाण्या. दुपारी सगळे खाली जेवायला बसलो. उंधियू, जिलेबी, गरम पुऱ्या. दादा म्हणाला, "बाबा, सकाळी सातला निघू. देव कोणकोणते घ्यायचे ते बघून ठेवा." बाबा "हो" म्हणाले आणि जिलेबीचा तुकडा ताटातच फिरवत राहिले. गोड समोर असताना बाबा थांबलेले मी जन्मात बघितले नव्हते.

"दादा," मी म्हटलं, "किल्ली बरोबर होती. मी कुलपात खोबरेल तेल घातलं होतं. ते थिजलं. बाबांनी भुकटी घाल म्हणून सांगितलं होतं, आणि मी घातली म्हणून खोटं बोलले."

वहिनीचा उंधियूचा डाव हवेतच राहिला. दादा आधी हसला. "तू? केमिस्ट्रीची बाई?" मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तू इथे आहेस म्हणून मी तिकडे निवांत असायचं, आणि तू हे असं बघतेस? आतून आग लागली असती तर?"

बरोबरच बोलत होता.

"तिला ओरडू नकोस," बाबा म्हणाले.

"ओरडू नको तर काय करू? आणि तुम्ही, तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत? मी तुमचं घर बंद करायला निघालो होतो बाबा! तुम्हाला खरंच काय हवंय ते एकदा तरी सांगा ना!"

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. बाबांनी पाण्याचा घोट घेतला.

"मला इथेच राहायचंय," ते म्हणाले. "पण आता सगळं खरं निघालंय तर माझंही ऐका. किल्ली मोडली ती तेलामुळे. फोन लावता आला नाही, तो तेलामुळे नाही. फोन माझ्या हातात होता. हिला करायचा हेही कळत होतं. पण कुठे दाबायचं तेच सुचेना. अर्धा तास मी तो हातात धरून नुसता उभा होतो. भीती वाटली मला."

शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, एकच गलका झाला. आता दादा "बघा, मी सांगत नव्हतो?" म्हणणार असं मला वाटलं. पण तो उठला, हात धुतले, आणि बाबांच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मोठ्या बटणांचा फोन आणू उद्या. एक किल्ली मासींकडे राहील. होळीपर्यंत बघू. तेव्हाही जमलं नाही, तर माझं ऐकायचं. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले. आणि जिलेबी तोंडात टाकली.

दादाने गेल्या वर्षीचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, पाठकोरं पान वर केलं आणि माझ्या पर्समधला शाळेचा मार्कर मागून घेतला. "फोनशेजारी लावू. हे बघा, ठळक लिहितो. सगळ्यात वर माझा..."

"थांब," बाबा म्हणाले. "पहिला हिचा लिही."

दादाने माझ्याकडे बघितलं. "सांग नंबर." मी सांगायला लागले, आणि तिसऱ्या आकड्यापुढे माझा मलाच आठवेना.